पाठीचं भान आणि जुनी कंबरदुखी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात फिजिओथेरपी करतो. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मकरपुरा अशा सगळ्या बाजूंनी मराठी मंडळी येतात. प्रत्येकाची कंबर वेगळी, प्रश्न मात्र बहुतेक तेच. अलीकडे त्यात 'बॉडी अवेअरनेस'ची, म्हणजे शरीराच्या भानाची, भर पडली आहे. कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला अमेरिकेतल्या मुलानं लिंक पाठवलेली असते. खालची उत्तरं मुख्यतः तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी आहेत. काल बादली उचलताना उसण भरली असेल, तर आधी चार दिवस हलतंफिरतं राहा. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत आपसूक बसतं.

हे वाचत बसण्याऐवजी सरळ डॉक्टरांकडे कुणी जावं?

लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेला किंवा जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी सयाजी हॉस्पिटल किंवा जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय गाठा. रात्र उलटायची वाट पाहू नका. कंबरदुखीसोबत ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारा ठणका, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्याचा मार किंवा बरेच महिने चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तरीही आधी तपासणी. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो, आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो.

पाठीचं भान म्हणजे नेमकं काय?

डोळे मिटून बसा. पाठीला बाक आहे की ती सरळ आहे, वजन डाव्या कुल्ल्यावर जास्त आहे की उजव्या, हे न बघता सांगता येतं. स्नायूंच्या आत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. ते, सांधे आणि त्वचा मिळून मेंदूला सतत बातमी देत असतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या स्थितिसंवेदनेला नाव दिलं. याशिवाय श्वास, धडधड, पोटातला ताण, दुखरेपणा हे आतून जाणवणं ही दुसरी बाजू. संशोधक 'शरीरभान' म्हणतात तेव्हा त्यात दोन्ही येतं.

पाठ मुळातच या बाबतीत गरीब. हात आपण दिवसभर बघतो, पाठ कधीच दिसत नाही. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावर दोन टोकं टेकवली तरी ती दोन आहेत हे कळतं. कंबरेवर तेच कळायला निरोगी माणसालाही चार-पाच सेंटिमीटर अंतर लागतं. मेंदूतल्या स्पर्शाच्या नकाशात बोटांना आणि ओठांना ऐसपैस जागा मिळते, पाठीच्या वाट्याला पट्टीएवढी येते.

कंबर दुखणाऱ्यांचं हे भान खरंच बिघडतं का?

बऱ्याच जणांचं बिघडलेलं आढळतं. ऑस्ट्रेलियातले लॉरिमर मोझली यांनी २००८ मध्ये जुन्या पाठदुखीच्या सहा रुग्णांना हात न लावता, मनात जाणवते तशी स्वतःच्या पाठीची रेघ काढायला सांगितली. दुखऱ्या भागाशी येऊन रेघ अडायची. तिथे पाठ कुठे संपते तेच त्यांना सापडेना. त्याच जागी दोन टोकांची स्पर्शचाचणीही बिघडलेली निघाली. सहा माणसं म्हणजे फारच थोडी, पण जुन्या दुखण्यात स्पर्शाचा नेमकेपणा कमी होतो हे नंतरच्या एकत्रित आढाव्यांतही दिसलं.

त्याआधी, १९९७ मध्ये, जर्मनीच्या हेर्टा फ्लोर यांच्या गटाला जुन्या पाठदुखीत मेंदूतल्या नकाशात पाठीची जागा सरकलेली दिसली होती. बेल्जियमच्या सिमोन ब्रुमान्य यांनी २००० साली बसलेल्या रुग्णांना कंबर ठरावीक स्थितीत परत आणायला सांगितलं. निरोगी माणसांपेक्षा त्यांची चूक जास्त होत होती.

२०१४ मध्ये बेनेडिक्ट वँड आणि सहकाऱ्यांनी नऊ वाक्यांची 'फ्रीमँटल' प्रश्नावली तयार केली. प्रत्येक वाक्याला ० ते ४ गुण, एकूण ३६. त्यातली वाक्यं साधारण अशी: पाठ माझ्या शरीराचा भाग नसल्यासारखी वाटते, रोजची कामं करताना ती किती हलतेय ते कळत नाही, ती सुजल्यासारखी, आकसल्यासारखी किंवा एका बाजूला कलल्यासारखी वाटते. या प्रश्नावलीचं नावही न ऐकलेल्या आजी आमच्याकडे येऊन म्हणतात, "कंबर माझी राहिलीच नाही हो." मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

म्हणजे दुखणं माझ्या डोक्यात आहे, असं म्हणायचंय?

नाही. दुखणं खरं आहे आणि ते कंबरेतच होतंय. मात्र किती धोका आहे, किती दुखवून सावध करायचं, हा हिशेब मज्जासंस्था करते. तो हिशेब झीज, झोप, भीती, काम, पूर्वीचे अनुभव या सगळ्यांवर होतो. पाठीकडून येणारी बातमी पुसट असेल तर सावधगिरी जास्त बाळगली जाते, असा एक पटण्याजोगा तर्क आहे. 'मानसिक आहे' असं सांगून कुणी तुम्हाला घरी पाठवलं असेल, तर त्यानं हे शास्त्र अर्धवट वाचलंय.

एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती सरकलेली आहे, मणक्यात गॅप आहे. मग भान वगैरे करून काय होणार?

२०१५ मध्ये वलीद ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी पाठ *न दुखणाऱ्या* ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा घेतला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज होती, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या आणि ऐंशीत ९६ टक्क्यांच्या. चकती फुगल्याचं चित्र विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. यांपैकी कुणाचीच कंबर दुखत नव्हती. अहवालातले शब्द भीतीदायक असतात. पन्नाशीच्या माणसाच्या फिल्ममध्ये झीज न दिसणं हीच त्यापेक्षा नवलाची गोष्ट.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी असा नाही. पायात कळ जाते, ताकद कमी होते, मुंग्या येतात, तेव्हा नस कुठे दाबली जातेय ते बघावंच लागतं. पण नुसत्या कंबरदुखीत फिल्म पाहून 'आता वाकायचं नाही' असा जन्मभराचा हुकूम देणं मला पटत नाही.

आधी भान गेलं म्हणून दुखलं, की दुखलं म्हणून भान गेलं?

ठरलेलं नाही. बहुतेक अभ्यास एकाच वेळी दुखणारे आणि न दुखणारे यांची तुलना करणारे आहेत. त्यातून आधी काय, नंतर काय ते निघत नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत असावेत.

मी तर चोवीस तास कंबरेकडेच लक्ष ठेवून असते. आणखी भान वाढवून वेड लागेल!

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि व्हिडिओवाले नेमका तोच टाळतात.

लक्ष दोन प्रकारचं असतं. पहिलं सोसायटीच्या भित्र्या वॉचमनसारखं: मांजर गेलं तरी शिट्टी. वाकण्याआधीच श्वास रोखला जातो, पोट-पाठ आवळली जाते, सोफ्यावरून उठताना हात आपोआप कंबरेवर जातो, मनात 'आता चमक येणार'. हे लक्ष भरपूर असतं, पण त्यातून पाठीबद्दल नवीन काही कळत नाही. दुखतंय की नाही, एवढंच कळतं.

दुसरं लक्ष नेमकं असतं. दुखतंय ते पट्ट्यासारखं आडवं की एका बोटाएवढ्या जागी? श्वास घेताना बदलतं का? वाकताना हालचाल कंबरेतून होते की खुब्यातून? दुखऱ्या जागेच्या वर दोन इंचांवर काय जाणवतं? तिथे सहसा काहीच वाईट नसतं, पण ते कधी बघितलेलंच नसतं.

सॅन फ्रान्सिस्कोचे वुल्फ मेहलिंग यांनी २०१२ मध्ये शरीरभानाची आठ अंगांची, ३२ वाक्यांची मोजपट्टी काढली. त्यांना हाच फरक पकडायचा होता. जाणवलं की घाबरणं, जाणवलं की मन दुसरीकडे वळवणं, आणि जाणवलं तरी शांतपणे तिथे राहता येणं, या वेगवेगळ्या गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. 'भान किती' एवढंच विचारलं तर काळजीनं पोखरलेला माणूस पहिला नंबर काढेल.

म्हणून तुम्हाला *जास्त* लक्ष द्यायचं नाहीये. आहे तेच लक्ष दिवसातून थोडा वेळ वेगळ्या पद्धतीनं वापरायचं, आणि उरलेला वेळ कंबरेला तिच्या वाटेनं जाऊ द्यायचं.

यानं दुखणं कमी होतं याला पुरावा काय?

आहे, पण चमत्काराचा नाही.

सिडनीत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिझॉल्व्ह' चाचणीत जुन्या कंबरदुखीचे २७६ लोक होते. अर्ध्यांना बारा आठवडे स्पर्श ओळखणं, हालचालीची कल्पना करणं, मग टप्प्याटप्प्यानं प्रत्यक्ष हालचाल असं शिकवलं. उरलेल्यांना तेवढाच वेळ आणि तेवढीच आस्था मिळाली, पण उपचार नाममात्र होते. अठराव्या आठवड्याला पहिल्या गटाचं दुखणं दहापैकी सुमारे एका गुणानं जास्त उतरलेलं होतं. एक गुण म्हणजे थोडाच. पण नाममात्र उपचार घेणाऱ्यांनाही बरं वाटत होतंच, त्यावरचा हा एक, हेही लक्षात घ्या.

२०२३ ची 'रिस्टोर' चाचणी मला जास्त रोचक वाटते. ४९२ लोक, तीन गट. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला फिजिओनं त्यांची भीती, सवयी आणि हालचाल एकत्र समजावून घेत, टाळलेल्या हालचाली पुन्हा सैलपणे करायला शिकवलं. तिसऱ्या गटाला हेच, शिवाय पाठीवर हालचाल दाखवणारे सेन्सर. दोन्ही शिकवलेल्या गटांना रोजच्या कामांत चांगलाच फरक पडला. वर्षभरानं तो टिकून होता, तीन वर्षांनंतरच्या पाहणीतही दिसला. आणि सेन्सरनं जास्तीचा फायदा काहीच झाला नाही. पाठीला चिकटवायचं महागडं यंत्र कुणी गळ्यात मारत असेल तर हा निकाल आठवा.

शरीरभानाच्या जवळपासचे इतर मार्गही तपासले गेलेत. २०१६ मध्ये अमेरिकेत ३४२ जणांवर झालेल्या चाचणीत सजगतेचं (माइंडफुलनेसचं) प्रशिक्षण घेतलेल्या ६१ टक्के लोकांना २६ आठवड्यांनी कामाधामात लक्षणीय सुधारणा जाणवली. विचार-वर्तनाच्या उपचारांनी ती ५८ टक्क्यांना, नेहमीच्या उपचारांनी ४४ टक्क्यांना. इंग्लंडमध्ये २००८ साली ५७९ रुग्णांवर अलेक्झांडर तंत्राची, म्हणजे उठता-बसता-हलताना शरीर कसं वापरतो ते शिकवणाऱ्या पद्धतीची, परीक्षा झाली. चोवीस धडे घेतलेल्यांचे दुखण्याचे दिवस वर्षभरानंतरही बरेच कमी होते.

घरी काय करता येईल?

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. दुखणं ऐन भरात असताना नको, जरा उतार असताना करा.

चटईवर उताणे पडा, गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीला. आधी नुसतं तपासा: जमिनीला काय काय टेकलंय? डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी जड आहे का? कंबरेखाली हात जाईल एवढी पोकळी आहे की नाही? बदलायचं काहीच नाही.

मग ओटीपोट अगदी किंचित नाभीकडे वळवा, म्हणजे कंबर जमिनीला टेकेल. पुन्हा उलट. बाहेरून बघणाऱ्याला कळू नये इतकी लहान हालचाल. जोर लावलात की बारीक फरक जाणवेनासा होतो. श्वास अडकला तर हालचाल अजून निम्मी करा. दहा-बारा वेळा झालं की थांबा, आणि जमिनीला टेकलेला भाग पहिल्यापेक्षा वेगळा वाटतोय का ते बघा.

स्पर्शाचा सराव जोडीनं करायचा. घरच्यांनी तुमच्या कंबरेवर मनात नऊ चौकोन आखायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि पेनाचं टोपण किंवा बाटलीचं बूच हलकेच टेकवायचं. तुम्ही न बघता सांगायचं: कितवा चौकोन, टोपण की बूच? नुसतं पाठीवरून काहीतरी फिरवून घेण्याला अर्थ नाही, ओळखायची मेहनत महत्त्वाची. सुरुवातीला बहुतेक उत्तरं चुकतात. नवरा-बायकोत यावरून वाद झालेलेही मी ऐकलेत, तेव्हा गुण लिहून ठेवू नका.

शेवटी कामातली हालचाल. जी टाळताय तीच निवडा: वॉशिंग मशिनमधून कपडे काढणं, देवघरासमोर वाकणं, स्कूटर स्टँडवर चढवणं. आधी डोळे मिटून ती मनात करा, मग अर्धी करा, मग पूर्ण. श्वास चालू, पोट सैल.

आरशात पाठ बघत व्यायाम करायचा, हे खरं आहे का?

हो, आणि यात काही खर्च नाही. बेनेडिक्ट वँड यांच्याच गटानं २०१२ मध्ये जुन्या पाठदुखीच्या २५ लोकांना आरसे लावून, स्वतःची पाठ दिसेल अशा रीतीनं वाकायला सांगितलं. पाठ दिसत असताना हालचालीनंतरचं दुखणं कमी होतं आणि ओसरलंही लवकर. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून हातात दुसरा आरसा धरता येतो, किंवा घरच्या कुणाला मोबाइल मागे धरून व्हिडिओ कॉल लावायला सांगा. बऱ्याच जणांना धक्का बसतो तो पाठ इतकी साधी, सरळ दिसते याचा. आतून ती वाकडी, सुजलेली वाटत असते.

मी रोज योगासनं करतो. हे तेच ना?

असू शकतं. कसं करता त्यावर आहे.

बडोद्याच्या माणसानं हे विचारावं यात मौज आहे. १८८३ मध्ये इथून जवळच डभोईला जन्मलेल्या जगन्नाथ गणेश गुण्यांनी इथल्याच जुम्मादादा व्यायामशाळेत प्रो. माणिकरावांकडे तालीम घेतली आणि नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून त्यांनी नौली, उड्डियान या पोटाच्या यौगिक क्रिया करताना पोटातला दाब मोजला, क्ष-किरण चित्रं घेतली. आतून जाणवणारं बाहेरून मोजून बघायचं, हा ध्यास आपल्याच गावच्या तालमीतून गेलाय.

कंबरदुखीसाठी योगानं थोडा फायदा होतो, हे आता अनेक चाचण्यांत दिसलंय. पण २०११ मध्ये अमेरिकेत २२८ लोकांवर योग आणि साधे ताणाचे व्यायाम यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही सारखेच उपयोगी निघाले. बारा सूर्यनमस्कार घड्याळ लावून उरकणाऱ्यापेक्षा तीनच घालून प्रत्येक वाक कुठून येतोय ते बघणाऱ्याला या पानावरचा फायदा मिळण्याची शक्यता जास्त, असं मला वाटतं. हे माझं मत, चाचणीचा निष्कर्ष नव्हे.

"ताठ बस" असं लहानपणापासून ऐकत आलोय. बरोबर का?

एकच एक आदर्श बैठक असते आणि ती मोडली की कंबर दुखते, याला भक्कम पुरावा नाही. दिवसभर छाती काढून ताठ बसणारेही माझ्याकडे येतात, बहुतेक थकून. मांडी घाला, टेका, उठा, पाय लांब करा. एकाच जागी दोन तास गेले हे कळणं, हेही भानच.

कंबरेचा पट्टा, वजन लावणं, शेक?

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या, विशिष्ट कारण न सापडलेल्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, नेहमीचा उपचार म्हणून करू नका असं म्हटलंय. समजावून सांगणं, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार, मसाज यांना जागा आहे. शेकानं बरं वाटत असेल तर खुशाल घ्या. पट्टा सोडवत नसेल तर एकदम फेकू नका, घरात असताना काढून ठेवण्यापासून सुरुवात करा.

जमिनीवर, फळीवर झोपू का?

गरज नाही. २००३ मध्ये स्पेनमध्ये ३१३ लोकांवर तुलना झाली, त्यात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी ठरली.

नवरात्रात गरबा खेळायचा की नाही?

बडोद्यात राहून नऊ रात्री गॅलरीत बसायला सांगणारा फिजिओ कुणी ऐकणार नाही, आणि वर दिलेली धोक्याची लक्षणं नसतील तर मीही तसं सांगत नाही. अडचण गरब्याची नसते, वर्षभर काही न करता पहिल्याच रात्री तीन तास खेळण्याची असते. तीन-चार आठवडे आधी घरातच पंधरा मिनिटं टाळ्यांसकट फेर धरा, हळूहळू वाढवा. दोन टाळी, तीन टाळी करताना वाकण्यात आणि वळण्यात श्वास रोखला जातोय का तेवढं बघा. मैदानात मधल्या फेरीत घुसलात की मध्येच बाहेर पडता येत नाही, म्हणून बाहेरच्या कडेला राहा. दुसऱ्या दिवशी कंबर भरून आली तर ती श्रमाची असते. दोन दिवसांत उतरली की पुन्हा जा.

कमाटीबागेत रोज चालतो. पुरेसं आहे का?

चालणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. ज्यांना थोडं मार्गदर्शन करून हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं, त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांना ११२. कानात भजन किंवा बातम्या लावून चाललात तरी हा फायदा आहेच. एखादी फेरी मात्र कान मोकळे ठेवून, टाच कुठे पडते आणि हात मोकळे झुलतात का ते बघत मारा.

सरावानं दुखणं वाढलं तर?

सरावाच्या वेळी थोडं जास्त जाणवणं, नंतर तासा-दोन तासांत पूर्ववत होणं, हे चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं राहिलं तर हालचाल निम्मी आणि वेळही निम्मा करा, पण सोडू नका. काही जणांना आत लक्ष नेलं की धडधड होते, घाबरल्यासारखं होतं. पूर्वी अपघात किंवा मारहाण झालेल्यांत हे जास्त दिसतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पाठीऐवजी तळहात किंवा तळपायांपासून सुरुवात करावी आणि एकट्यानं न करता कुणा जाणत्यासोबत करावं. सहा ते आठ आठवडे नेमानं करूनही काहीच फरक नसेल, तर पुन्हा तपासून घ्या. प्रत्येकाची कंबर भानाच्याच अंगानं बिघडलेली असते असं नाही. कुणाचं दुखणं झोपेशी, कुणाचं मकरपुऱ्यातल्या रात्रपाळीशी, कुणाचं खरोखरच दाबल्या गेलेल्या नसेशी जोडलेलं असतं, आणि त्याचा मार्ग वेगळा.